कोंबडीला दिलेला शब्द

माझ्या मोठ्या नणंदेच्या घरून आजवर कोणी उपाशी परत गेलेलं नाही. काही जण आजारी होऊन गेले आहेत, पण उपाशी कोणी नाही. मनकर्णाबाईंचं घर गडचिरोलीच्या पुढे, चामोर्शीच्या रस्त्यावरून आत, कोसमटोला गावाबाहेर त्यांच्या धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, लागून आहे. तिथे तुम्ही नुसता रस्ता विचारायला थांबलात तरी त्या बाजेवर बसवतात, पाणी देतात, आणि पाणी पिऊन होईपर्यंत चूल पेटलेली असते. मागे एकदा जनावरांची गणती करायला एक माणूस आला होता. तो जेवला, झोपला आणि ऊन उतरल्यावर गेला. बाईंच्या घरची जनावरं अजून मोजायची आहेत.

बाई माझ्या नवऱ्याची, खुशालची, सख्खी मोठी बहीण. शाळा पाचवीपर्यंत. पौर्णिमेला विहारात सगळ्यांत पुढे बसतात आणि वंदना इतरांपेक्षा अर्धी ओळ आधी संपवतात. मी बी.ए. आहे हे त्यांना माझ्या लग्नापासून माहीत आहे, आणि लग्नापासून त्या मला विचारतात, "मंग तू शिकली काय होतीस वो रिना?" गृहअर्थशास्त्र, असं सांगितलं की त्या माझ्या पोळीकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांचे यजमान देवाजीभाऊ. देवाजीभाऊंचा स्वभाव शांत आहे असं सगळे म्हणतात. माझं मत असं की त्यांना बोलायला जागाच मिळाली नाही आणि पुढे सवय गेली.

बाईंचं खरं राज्य कोंबड्यांवर. पाहुणा आला की कोंबडा कापायला त्या क्षणभर थांबत नाहीत. पण खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, की तिच्याखालचं अंडं त्यांच्या घरात कोणी फोडायचं नाही, हा कायदा. एकदा देवाजीभाऊंनी भुकेच्या भरात बसवलेल्यातलं एक अंडं काढून तव्यावर टाकलं. बाईंनी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलणं बंद केलं. देवाजीभाऊंच्या ते लक्षात यायला आठवडा लागला.

"बसवलं म्हंजे शब्द देला," बाई सांगतात. "ते बिचारी खाणं-पिणं सोडून बसते. तिले वाटते पिल्लं निंगतीन. तिच्या पोटाखालून काढून खाल्लं तं आपल्यात अन् मुंगसात फरक काय?"

"आणि कालचा कोंबडा?" मी एकदा विचारलं होतं.

"त्याले काई शब्द देला नोता."

या कायद्याशी आमच्या मुलीचा संबंध येईल असं तेव्हा कोणाला वाटलं नव्हतं.

आमची मुलगी दिव्यानी. एकुलती एक. खुशाल माजरीच्या कोळसा खाणीत पंपांवर आहे, त्यामुळे तिचं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तिनं बँकेची परीक्षा द्यावी असं मला वाटत होतं. तिला अंड्यात बघावंसं वाटलं. ज्याची त्याची हौस. गडचिरोलीच्या एका कॉलेजात ती पीएच.डी. करते, फेलोशिप मिळते, खोली घेऊन राहते, आणि स्कूटीवरून जंगलातल्या रस्त्यानं फिरते. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आईनं मुलीला फोनवर 'जेवलीस का' असं विचारण्याआधी 'पोचलीस का' असं विचारायचं असतं, आणि का विचारलं ते सांगायचं नसतं. वाघाचं नाव मी काढत नाही. पेपरवाले काढतातच.

ती नक्की काय करते हे समजून घ्यायला मला दोन वर्षं लागली, आणि त्याबद्दल ती मला कमी आणि स्वतःला जास्त शाबासकी देते.

"आई, पिल्लाचं मांस येतं कुठून?" तिनं पहिल्यांदा असं सुरू केलं.

"कोंबडीतून."

तिनं कपाळावर हात मारला आणि पाटी काढल्यासारखं ताटात वरण पसरून त्यावर बोटानं रेघ ओढली. अंड्याला दोन दिवस ऊब मिळाली की बलकावर अशी एक रेघ दिसते. तीच पुढे पाठीचा कणा नि मज्जारज्जू. रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक ठोकळे तयार होतात, जोडीजोडीनं, डोक्याकडून शेपटीकडे. या ठोकळ्यातल्या पेशींचं आधी काहीच ठरलेलं नसतं. त्यातून हाड होऊ शकतं, कातडीचा आतला थर होऊ शकतो, स्नायू होऊ शकतो.

"मग ठरवतं कोण?"

"शेजारी. मधल्या रेघेकडून निरोप येतात, वरच्या थराकडून येतात. निरोप पोचला की त्या पेशीतली काही जनुकं जागी होतात. त्यातलं एक मायो-डी. ते जागं झालं की स्नायूची बाकीची जनुकं उठवतं, आणि वर स्वतःला झोपू देत नाही. मग त्या पेशीला माघार नसते. ती स्नायूच होणार."

म्हणजे पेशीचं स्वतःचं मत काही नाही, शेजारी म्हणतील ते व्हायचं, आणि एकदा झालं की परत फिरायचं नाही. हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं, पण सासरी शिकवलं होतं. मी तसं म्हणाले. खुशालनं वरणाकडे लक्ष दिलं.

"आणि माणसात हे केव्हा होतं?" मी विचारलं.

"चौथ्या आठवड्यात सुरू होतं."

चौथ्या आठवड्यात मला ती पोटात असल्याचं माहीतसुद्धा नव्हतं. मी क्वार्टरच्या गच्चीवर मिरच्या वाळवत होते. पुढे महिनोन्महिने मी ग्रहण पाहिलं नाही, पपई खाल्ली नाही, जिना चढताना कठडा सोडला नाही. इतक्या वर्षांनी कळलं की ही सगळी काळजी म्हणजे पायाचं काम उरकल्यावर गवंड्याच्या मागे उभं राहून सूचना देणं होतं. मुलीनं हे मला सांगून माझ्या आयुष्यातलं एक मोठं काम रद्द केलं. मी नवं शोधलं आहे. काळजीला कधी तोटा नसतो.

तर तिचा विषय असा. ब्रॉयलर कोंबडीला महिनाभरात छाती भरून येते, आणि आपली गावरान कोंबडी वर्षभर खाऊनही पाहुण्यांची निराशा करते. हा फरक गर्भातच, पहिल्या दोन-तीन दिवसांत, ही जनुकं जागी होतात तिथूनच सुरू होतो का? ते बघायला ती दोन्ही जातींची अंडी मशीनमध्ये उबवते, तिसऱ्या दिवशी फोडते, आतला भुईमुगाच्या दाण्याहून लहान जीव काढते आणि रंगवते. जिथे स्नायूचं जनुक जागं असेल तिथे जांभळा रंग येतो. ब्रॉयलरची अंडी एका हॅचरीतून मिळाली. गावरान अंड्यांसाठी तिनं आत्याला विचारलं.

आत्याला विचारताना तिनं एवढंच सांगितलं की अंड्यांवर अभ्यास करायचा आहे. उबवून तिसऱ्या दिवशी फोडते, हे सांगितलं नाही. का, तर आत्याला वाईट वाटेल. माझी मुलगी जिवंत धडधडणारं काळीज भिंगाखाली बघू शकते, पण आत्याच्या तोंडावर खरं बोलू शकत नाही. हे शिक्षण कुठून आलं याची चौकशी मी केली नाही, कारण उत्तर घरातच होतं.

सगळी अंडी एकाच बापाची हवीत म्हणून तिनं खुराड्याभोवती हिरवी जाळी लावून घेतली. आत कोंबड्या आणि एकच कोंबडा, तांबडा, तुरेबाज. बाईंना वाटलं पोरीनं रानमांजरापासून बंदोबस्त केला. त्यांनी शेजाऱ्यांना ती जाळी कौतुकानं दाखवली. देवाजीभाऊ आठवड्याच्या बाजाराला गडचिरोलीला येत, तेव्हा पिशवीत तांदळात खोचून अंडी आणत, कॉलेजच्या फाटकाशी देत आणि एक शब्द न बोलता जात. सगळं छान चाललं होतं. जूनमध्ये समिती येणार होती, काम बघणार होती. गावरान अंड्यांतले रंगवलेले गर्भ दाखवता आले तर फेलोशिप पुढे चालू, नाही तर बंद. विषय मिटला असता आणि पोरगी घरी. मी नागपूरच्या एका बँकेतल्या मुलाची चौकशी करून ठेवली होती. आईनं दोन्ही दारं उघडी ठेवायची असतात.

एप्रिलमध्ये दिव्यानीच्या सरांना वाटलं की जिथून अंडी येतात ती जागा एकदा बघावी. सर भले गृहस्थ. ते कोसमटोल्याला गेले. बाईंच्या घरी कॉलेजचा प्राध्यापक, तोही पोरीचा गुरू. गावरान कोंबड्याचा रस्सा, तांदळाच्या भाकरी, आंब्याची चटणी. सरांनी हाडं चोखून घामाघूम होत सांगितलं की असं जेवण त्यांनी आयुष्यात जेवलं नाही. दिव्यानीनंही दोनदा रस्सा वाढून घेतला. तिला वाटलं आत्यानं बाजारातून कोंबडा आणला असेल. जेवणानंतर सरांनी जाळी बाजेवरूनच बघितली, आत कोण कमी आहे ते कोणी मोजलं नाही.

त्यानंतरच्या खेपेची अंडी ठीक निघाली. त्याच्या पुढच्या खेपेत अर्धी. मग एकदम काहीच नाही. फोडलं की बलक, आणि बलकावर एक पांढरा ठिपका. रेघ नाही, ठोकळे नाहीत, काळीज नाही.

दिव्यानी फोनवर बारीक आवाजात बोलायला लागली. मशीनचं तापमान तपासलं, पाण्याची वाटी बदलली, दुसऱ्या मशीनमध्ये ठेवून बघितलं. हॅचरीची अंडी त्याच मशीनमध्ये मजेत वाढत होती. शेवटी सरांनी निदान केलं: उष्णता. पारा पंचेचाळीसच्या वर गेला होता, आणि अशा उन्हात कोंबड्याचं बीज कमजोर होतं असं कुठल्याशा शोधनिबंधात छापून आलं होतं. दिव्यानीनं आत्याला फोन केला की खुराड्यावर ओली पोती टाक, दुपारी पाणी शिंपड. आत्यानं काऊन म्हणून विचारलं नाही. पोती टाकली. कोंबड्या इतक्या थंडाव्यात कधीच राहिल्या नव्हत्या. अंडी कोरीच.

मे अर्धा सरला. मुलीचा आवाज मला सहन होईना, म्हणून मी गडचिरोलीची बस धरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या स्कूटीमागे बसून कोसमटोल्याला गेले. रस्ताभर मी डोळे मिटून होते. दिव्यानीला वाटलं मी झोपले.

बाईंनी चहा दिला. बाजेवर बसून तासभर झाला. कोंबड्या ओल्या पोत्यांच्या सावलीत रेस्टहाऊसमध्ये उतरल्यासारख्या पसरल्या होत्या. मला सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं की आल्यापासून कोंबडा एकदाही आरवलेला नाही.

"बाई, कोंबडा कुठे आहे?"

"कोनता?"

"या जाळीतला. तांबडा."

"तो?" बाई बशीत चहा ओतत म्हणाल्या. "तो तं तिच्या मास्तरानं खाल्ला. अन् हिनं. दोनदा वाढून घेतलन हिनं."

दिव्यानीनं कप खाली ठेवला.

"आत्या, मी तुला म्हटलं होतं ना, कोंबडा जाळीतच राहू दे."

"मंग? मास्तरले काय बाजारातला आनून घालू? घरात असा कोंबडा असून? काय म्हनला असता तो?" बाईंना खरंच कळत नव्हतं. "अंडे तं देऊन राहिल्या ना कोंबड्या. अंड्याले कोंबडा कायले लागते? पिल्लं काढाचे असतीन तं लागते."

देवाजीभाऊ गोठ्याकडे निघून गेले. संकट ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

"पिल्लंच काढायची असतात," दिव्यानी म्हणाली. मग सगळं सांगितलं. मशीन, ऊब, तिसरा दिवस, कात्री. कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोनेक आठवडे टिकतं, म्हणून तो गेल्यावरची पहिली खेप ठीक निघाली, हेही. सांगताना ती जमिनीकडे बघत होती. जूनच्या समितीचंही सांगितलं, आणि समितीला काही दाखवता आलं नाही तर काय होईल तेही.

बाईंनी बशीतला चहा गार होऊ दिला. हे मी माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

"तिसऱ्या दिवशी त्याचं काळीज चालू असते?"

"असतं."

"अन् तू फोडतेस."

"हो आत्या."

"अन् हे मले काऊन नाई सांगतलं?"

"तू अंडी दिली नसतीस."

"नसतीच देली," बाई म्हणाल्या. "पन सांगतलं असतं तं कोंबडा तं नसता कापला." दिव्यानीनं डोळे पुसले. आता अंडी मिळणार की नाही, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो बाईंच्या हातात होता. मी नागपूरच्या मुलाचा विचार करायला सुरुवात केली. मग मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो विचार परत ठेवून दिला.

बाई उठल्या, भांडी घासायला बसल्या. भांडी घासताना त्या न्यायनिवाडा करतात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कढई घासून झाल्यावर निकाल आला.

"तिथी अंड्यावर बसते कोन?"

"कोणी नाही. मशीन आहे."

"कोंबडी नाई?"

"नाही."

"मंग शब्द कोनाले देला?" बाईंनी कढई उपडी घातली. "मशीनले कोन शब्द देते? घेऊन जाजो अंडे. पन माह्या कोंबडीखालचं मी एक नाई देनार, आधीच सांगतो."

उच्च न्यायालयात याहून बारीक युक्तिवाद होत असतील, पण इतक्या लवकर नाही. त्याच दिवशी देवाजीभाऊंनी एका सोयऱ्याच्या गावाहून एक नवा कोंबडा आणला. काळा, रागीट, पाहुण्यांच्या पायाला चोच मारणारा. बाईंनी त्याला जाळीत सोडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की समिती होईपर्यंत या घरी भाजीच मिळेल, मग मंत्री का येईना.

थोड्याच दिवसांत अंडी भरायला लागली, आत पुन्हा रेघ दिसू लागली. दिव्यानीनं नव्या कोंबड्याची पहिली चांगली खेप मशीनमध्ये ठेवली आणि त्याच संध्याकाळी वादळ आलं. मेच्या शेवटी आमच्याकडे येतं तसं, धूळ, गारा, मोडलेली झाडं. विजेच्या तारा जंगलात कुठे कुठे पडल्या ते शोधायलाच वेळ लागणार होता. कॉलेजला जनरेटर आहे. त्याची ताकद प्राचार्यांच्या खोलीतल्या पंख्याला पुरेल एवढी आहे, आणि उन्हाळ्यात प्राचार्य खोलीत नसतात, म्हणून ते बंद असतं. मशीन थंड पडलं. ती खेप गेली. समितीला आता फार दिवस नव्हते. रंगवायलाच जवळजवळ आठवडा लागतो. वीज येण्याची वाट बघत बसलं तर काही उरणार नव्हतं.

मी अजून गडचिरोलीतच होते. पोरगी खोलीत पलंगावर बसून भिंतीकडे बघत होती.

"कोंबडीखाली ठेवता येतील," ती म्हणाली. "ऊब तीच. वीज लागत नाही. पण आत्या..."

आत्याचं उत्तर आम्हाला माहीत होतं, तरी गेलो. माणूस जाऊन नकार ऐकून येतो, म्हणजे नंतर घरी बसून 'विचारलं असतं तर' असं होत नाही. या वेळी दिव्यानीनं सगळं आधी सांगितलं, काही लपवलं नाही. एक कोंबडी तेव्हा खुडूक झालेली होती, राखाडी, कोपऱ्यातल्या टोपलीत रिकामीच फुगून बसलेली. दिव्यानी तिच्याकडे बोट दाखवून थांबली.

"मी सांगतलं होतं ना," बाई म्हणाल्या.

"हो आत्या. म्हणून विचारायला आले. नाही म्हणालीस तर जाते."

बाईंनी टोपलीकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "हे पोट्टी मागं कधी इचारत नोती. आता इचारून राहिली. आता नाई म्हनाचं तं कसं म्हनाचं?" भांडी घासलेली होती. बाईंनी ती परत घासायला घेतली.

मी इतकी वर्षं या बाईंच्या जेवणाला, बोलण्याला, टोमण्यांना नावं ठेवत आले आहे. पुढेही ठेवीन. पण त्या दिवशी त्यांनी जे काढलं ते सरांच्या शोधनिबंधात नव्हतं.

"कोंबडी मोजते का वो?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"तिच्याखाली अंडे किती, हे तिले समजते का?"

"नाही," दिव्यानी म्हणाली. "बहुतेक नाही."

"मंग ऐक. बसव. तिसऱ्या दिवशी तू एक काढशीन, तं त्याच वक्ताले मी तिथी दुसरं भरलेलं ठेवीन. जितके काढशीन तितके. मंग तिच्याखाली कोनं हात घालाचा नाई. तिचे पिल्लं तिले भेटले पायजेन. तीन दिवस जास्त बसंन ते. तेवढं मी पाहीन."

शब्द कोंबडीला दिला होता, एखाद्या विशिष्ट अंड्याला नाही. बाईंनी स्वतःचाच कायदा वाचून काढला होता, आणि त्यात जागा सापडली होती. मी म्हटलं ना, भांडी.

राखाडी कोंबडी बसली. दिव्यानीनं अंड्यांवर पेन्सिलीनं खुणा केल्या. मधले दिवस मी बाईंच्या घरी राहिले आणि कोंबडी उठून पाणी प्यायला गेली की अंडी थंड पडतील म्हणून माझा जीव टांगणीला लागायचा. बाई म्हणायच्या, "तूच बसून जाय तिच्या जागी, तुले तसंही काम नाई." तिसऱ्या दिवशी सकाळी दिव्यानी गर्भ जपून ठेवायच्या औषधाच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. तिनं टोपलीत हात घातला, एक अंडं काढलं. दुसऱ्या बाजूनं बाईंचा हात आला आणि ताजं अंडं आत गेलं. एक बाहेर, एक आत. कोंबडी दोघींना चोच मारत होती.

पडवीत सावलीला, पाटावर, दिव्यानीनं पहिलं अंडं फोडलं. बाई आत गेल्या. मग बाहेर आल्या. मग पदर तोंडाला लावून तिच्या खांद्यावरून वाकल्या.

बलकावर लाल धाग्यांचं वर्तुळ होतं आणि त्यात मध्ये एक ठिपका उडत होता. दिव्यानीनं हातातलं भिंग त्यांच्या डोळ्यासमोर धरलं. "हे काळीज. आणि ही पाठ. या पाठीच्या दोन्ही बाजूंना दाणे दिसतात का, आत्या? जोडीजोडीनं? यातूनच पुढे छातीचं, पायाचं, पंखाचं सगळं मांस होतं. आत्ता ठरून राहिलं आहे. आत्ता, आपण बघतो आहोत तेव्हा."

बाई बघत राहिल्या. "इतल्या लवकर?"

"इतक्या लवकर."

"अन् आपन त्याले म्हनतो, अजून काईच नाई त्याच्यात." त्या मागे सरल्या. "कर तुहं काम. मी नाई पाहात." आणि त्या खरंच आत गेल्या, ते शेवटची बाटली बंद होईपर्यंत पाटाकडे फिरकल्या नाहीत. फक्त प्रत्येक अंडं काढताना टोपलीपाशी त्यांचा हात हजर असायचा.

वीज आली. गर्भ रंगवले गेले. दिव्यानीनं मला फोनवर फोटो पाठवला. पांढुरक्या पाठीच्या दोन्ही बाजूंना जांभळे ठिपके, एका ओळीत. मी तो खुशालला दाखवला. तो म्हणाला, "छान आहे. काय आहे?"

समितीत तीन जण होते. त्यांनी जांभळ्या ठिपक्यांबद्दल फारसं विचारलं नाही, कारण ते दिसत होते. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं की वादळात वीज नसताना तापमान कसं नियंत्रित केलं. दिव्यानी म्हणाली, "कोंबडीनं." त्यांनी वर बघितलं. तिनं बाईंची रीत सांगितली, अंड्यामागे अंडं. सदस्य बराच वेळ हसले आणि म्हणाले की हे प्रबंधाच्या कार्यपद्धतीत लिहा, बाईंचं नाव घालून. नमुने कमी आहेत, वाढवा, असंही म्हणाले. नाही तर त्यांना प्रवासभत्ता कशाचा मिळाला असता. फेलोशिप चालू राहिली. नागपूरच्या मुलाचं जमलं म्हणे, दुसरीकडे.

मी बाईंना फोन केला. म्हटलं, पास झाली पोरगी, तुमचं नाव छापून येणार आहे.

"हो का," बाई म्हणाल्या. "आज पिल्लं निंगाले. कोंबडी भल्ली वाळून गेली वो, तीन दिवस जास्तीची बसली. तिले तांदळाची कनी भिजवून देऊन राहिली मी, हातावर. मंग बोलतो." आणि फोन ठेवला.